यामानोतेची २०५ मालिका: डबे धडधाकट असताना ही लोकल निवृत्त का झाली?

गावदेवी_फाटक (ठाणे प.) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्यात रेल्वे मॉडेलचं एक छोटं प्रदर्शन आहे. त्यात टोकियोच्या यामानोते मार्गावरची २०५ मालिकेची हिरव्या पट्ट्याची लोकल १:१५० मापात चालवायची आहे. टेबल ६ फूट बाय ३ फूट. शेजारी मराठीत एक माहितीफलक लावायचा आहे, आणि त्यात चुकीचं काही जाऊ नये म्हणून इथे विचारतोय.

मला अडलेल्या गोष्टी अशा. ही गाडी १९८५ मध्ये आली आणि यामानोतेवरून २००५ मध्ये गेली, म्हणजे जेमतेम २० वर्षं. डबे स्टेनलेस स्टीलचे, गंजणारे नाहीत. त्याच मालिकेतले डबे पुढे जाकार्तात धावले. मग ‘निवृत्त’ नेमकं काय झालं? दुसरं, या गाडीत रोधही (वीज अडवणारे रेझिस्टर) होते आणि ब्रेक लावताना वीज परतही जायची असं वाचलं. दोन्ही एकत्र कसं जमतं? तिसरं, डब्यांचा क्रम कोणता धरू? आणि शेवटचं: आपल्या जुन्या डीसी लोकल याच कारणाने गेल्या, असं फलकावर लिहिलं तर चालेल का? प्रेक्षक आपलेच, ठाणे-वाशी रोज करणारे, त्यामुळे आपल्या गाड्यांचा धागा जोडता आला तर हवाच आहे.


सानपाडा_यार्ड यांचं उत्तर

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच मिळतं.

२०५ ची गोष्ट २०१ पासून सुरू होते. त्याआधी जपानी राष्ट्रीय रेल्वेचा राबता घोडा म्हणजे १०३ मालिका: १९६३ ते १९८४ या काळात ३,४४७ डबे, साधं पोलादी शरीर, ११० किलोवॉटच्या मोटरी आणि रोध तोडत तोडत वेग घेणारी पद्धत. ब्रेक लावला की सगळी ऊर्जा उष्णता होऊन जायची. तेलाच्या दरवाढीनंतर हे परवडेना म्हणून २०१ मालिका आली. तिच्यात थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारा चॉपर होता, म्हणजे रोध न वापरता वीज क्षणाक्षणाला तोडून-जोडून मोटरला द्यायची. काम उत्तम, पण त्या काळी एवढ्या ताकदीचे थायरिस्टर फार महाग. राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडालेली, फुटणार हे दिसत होतं (१९८७ मध्ये फुटलीच). तेव्हा प्रश्न असा पडला की चॉपरशिवाय वीज परत मिळवता येईल का?

त्याचं उत्तर म्हणजे २०५. वेग घेताना ही गाडी जुन्याच पद्धतीने चालते. कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला दांडा) फिरतो, एकेक कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) मिटत जातो, रोध एकेक टप्प्याने बाहेर पडतात, मोटरी आधी सिरीजमध्ये आणि मग पॅरलल. म्हणजे सुटताना रोधात थोडी वीज जळतेच. नवं आहे ते त्यापुढे.

सिरीज मोटरमध्ये आर्मेचरमधून (फिरणाऱ्या भागातून) जाणारा प्रवाहच फील्डमधूनही (चुंबकत्व देणाऱ्या स्थिर वेटोळ्यांतूनही) जातो. अशी मोटर जनित्र म्हणून चालवायला गेलं तर डोलारा अस्थिर होतो: प्रवाह थोडा कमी झाला की फील्डही कमी, फील्ड कमी म्हणून व्होल्टेज कमी, म्हणून प्रवाह आणखी कमी. २०५ मध्ये फील्डला एक स्वतंत्र पुरवठा जोडला. डब्याखालच्या मोटर-जनरेटरमधून तीन फेजची एसी घ्यायची, थायरिस्टरने हवी तेवढी डीसी करायची आणि ती फील्डमध्ये वरून मिसळायची. हे थायरिस्टर लहान पुरतात, कारण त्यांना फक्त फील्डचा प्रवाह सांभाळायचा असतो, आर्मेचरचा सगळा भार नाही. पैसे वाचले ते इथे. वेगात असताना फील्ड कमी केलं की गाडी आणखी पळते. ब्रेकच्या वेळी फील्ड वाढवलं की मोटरींचं एकत्रित व्होल्टेज तारेच्या १,५०० व्होल्टच्या वर जातं आणि प्रवाह पेंटोग्राफमधून उलटा तारेत जातो. फलकावर एका ओळीत लिहायचं तर: ‘सुटताना रोध, थांबताना वीज परत.’

बाकी हाडापेराची माहिती देतो. डबा २० मीटरचा, एका बाजूला १.३ मीटर रुंदीची ४ दारं. मोटर १२० किलोवॉटची, गियर १४ दात विरुद्ध ८५ दात. बोल्स्टर (डबा आणि बोगी यांमधली आडवी तुळई) नसलेली हलकी बोगी. राष्ट्रीय रेल्वेच्या मोठ्या शहरी लोकलमध्ये हलकं स्टेनलेस शरीर आणि विजेच्या तारेतून हुकूम घेणारा ब्रेक या गाडीने रुळवला. २०१ च्या मानाने डब्यामागे कित्येक टन वजन उतरलं, आणि १०३ च्या तुलनेत वीज सुमारे दोन-तृतीयांश लागायची. रंगकाम नाही, फक्त पट्टा चिकटवायचा. यामानोतेवर ती पहिल्यांदा धावली ती तारीख २५ मार्च १९८५. एकूण १,४६१ डबे बांधले गेले.

आता देखभाल. १० डब्यांच्या गाडीत ६ मोटर-डबे, प्रत्येकाखाली ४ मोटरी, म्हणजे २४ मोटरी. मोटर-डबे जोडीने चालतात. एकावर पेंटोग्राफ आणि मुख्य नियंत्रक, दुसऱ्यावर मोटर-जनरेटर आणि कॉम्प्रेसर. एक नियंत्रक ८ मोटरी हाकतो. म्हणजे गाडीत ३ नियंत्रक. या २४ च्या २४ मोटरींना कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे) आहेत. ब्रश झिजतो, त्याची काळी भुकटी मोटरच्या पोटात बसते. ब्रश ज्यावर टेकतो त्या कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर ब्रशची वाट पडते, मधला अभ्रक वर राहतो, तो कोरून खाली घ्यावा लागतो. ते केलं नाही तर ब्रश उडायला लागतो, ठिणगी पडते, आणि भुकटीच्या वाटेने एका ब्रश-धारकापासून दुसऱ्यापर्यंत आर्क जातो. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. एका झटक्यात मोटर बाद. तिकडे कॅमशाफ्टचे कॉन्टॅक्टर दर सुटण्याला आर्क तोडतात, त्यांची टोकं खडबडीत होतात, आर्क विझवणाऱ्या पेट्या जळतात. यातलं एकही काम डब्याच्या पत्र्याशी संबंधित नाही. पत्रा ४० वर्षं टिकेल. पत्र्याखाली हात काळे करणारी माणसं आणि त्यांना लागणारे सुटे भाग दरवर्षी महाग होत जातात. २०५ ला घालवलं ते याने.


तीन_फेजवाला (ऐरोली) यांचं उत्तर

वरच्या उत्तरात एक भर. वीज परत जाते हे खरं, पण ती घेणारं कोणी हवं. १,५०० व्होल्ट डीसीच्या सबस्टेशनमध्ये साधे डायोड रेक्टिफायर असतात आणि त्यांतून वीज एकाच दिशेने जाते. परत आलेला प्रवाह त्याच तारेवर जवळपास वेग घेणाऱ्या दुसऱ्या गाडीने खाल्ला तरच उपयोग. कोणी नसेल तर तारेचं व्होल्टेज चढतं, गाडी आपणहून वीज परत पाठवणं सोडते आणि हवेचा ब्रेक पुढे येतो. यामानोतेच्या ३४.५ किलोमीटरच्या वर्तुळात गर्दीच्या वेळी दर अडीच-तीन मिनिटांना गाडी, त्यामुळे घेणाऱ्यांचा तुटवडा नाही. हीच मालिका सागामीसारख्या एकेरी, विरळ गाड्यांच्या मार्गावर गेली की हिशोब बदलतो आणि ब्रेक-ब्लॉक जास्त झिजतात. गाडी चांगली की वाईट हे मार्ग पाहूनच ठरवावं असं माझं ठाम मत आहे.

आता निवृत्ती. ती एका दिवसात झालेली नाही, ती एक उतरंड आहे. फलकावर हीच उतरंड काढा, लोकांना लगेच कळेल.

१९९३ मध्ये जेआर ईस्टने (राष्ट्रीय रेल्वे फुटून झालेल्या कंपन्यांपैकी एक) २०९ मालिका आणली. धोरण उघड होतं: वजन निम्मं, किंमत निम्मी, आयुष्य निम्मं. तिच्यात व्हीव्हीव्हीएफ इन्व्हर्टर (व्होल्टेज आणि वारंवारता बदलत मोटरला वीज देणारा) आणि तीन फेजच्या इंडक्शन मोटरी. ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही, कॅमशाफ्ट नाही. वीज १०३ च्या निम्म्याहून कमी. त्या दिवसापासून २०५ ही ‘चालू स्थितीतली पण जुन्या पिढीची’ गाडी झाली, कारण कारशेडला दोन प्रकारची कौशल्यं आणि दोन प्रकारचे सुटे भाग सांभाळावे लागले.

एप्रिल २००२ मध्ये यामानोतेवर ई२३१-५०० येऊ लागली आणि १७ एप्रिल २००५ ला तिथली शेवटची २०५ धावली. ई२३१-५०० मध्येही मोटरी २४ च, पण ९५ किलोवॉटच्या आणि बिनब्रशच्या. बदलाची घाई दुसऱ्या एका कारणानेही होती. २००६ मध्ये यामानोतेवर डिजिटल एटीसी (गाडीचा वेग आपोआप आवरणारे) सिग्नल सुरू झाले. ती यंत्रणा जुन्या गाड्यांच्या प्रत्येक केबिनमध्ये बसवण्यापेक्षा ती घेऊनच जन्मलेल्या नव्या गाड्या आणणं शहाणपणाचं. साइक्यो मार्गावर हाच क्रम दिसतो: २०५ तिथून २०१६ मध्ये गेली आणि रेडिओवर चालणारी अटाक्स सिग्नल-पद्धत २०१७ मध्ये आली. जपानी गाड्यांच्या निवृत्तीच्या तारखा समजून घ्यायच्या तर डब्याचं वय बघू नका, सिग्नलचं आणि फलाटावरच्या दारांचं वेळापत्रक बघा.

आणि तिसरं घड्याळ तपासणीचं. तिथल्या नियमाप्रमाणे दर ३ महिन्यांनी तपासणी, ४ वर्षं किंवा ६ लाख किलोमीटर यांतलं जे आधी येईल तेव्हा मुख्य भाग उघडून तपासणी, आणि ८ वर्षांनी पूर्ण गाडी सोडवून तपासणी. हे शेवटचं काम मोठ्या खर्चाचं. त्यामुळे निवृत्ती ठरवताना ‘हिची पुढची मोठी तपासणी कधी?’ हा प्रश्न आधी येतो. तपासणी तोंडावर आलेली गाडी आधी जाते, ताजी करून आलेली शेवटी. म्हणून एकाच वर्षी बांधलेल्या दोन गाड्यांपैकी एक लवकर गेलेली आणि दुसरी रेंगाळलेली दिसते.

यामानोतेवरून निघालेले डबे भंगारात गेले नाहीत. साइक्यो, नांबू, योकोहामा, मुसाशिनो, त्सुरुमी, सेनसेकी, हाचिको अशा मार्गांवर वाटले गेले. इथे एक मोठी अडचण आली, ती फलकावर नक्की घ्या. ११ डब्यांच्या गाडीत केबिन दोनच असतात. पण सेनसेकीला ४ डब्यांच्या गाड्या हव्या, त्सुरुमीला ३, नांबूच्या शाखेला २. ११ पैकी ८ डब्यांतून ४-४ च्या दोन गाड्या केल्या तरी केबिन लागतात चार. उरलेल्या दोन कुठून आणणार? मधल्या डब्यांची टोकं कापून तिथे नवीन केबिन बसवल्या. त्यामुळे या गाड्यांचं तोंड यामानोतेच्या २०५ पेक्षा वेगळं दिसतं, काळं आणि गोलसर. नांबू-शाखेच्या २ डब्यांच्या गाडीत तर मोटर-डब्यांनाच केबिन लावली.

मुसाशिनोची कथा याहून सरस. तो मार्ग मुळात मालगाड्यांसाठी शहराबाहेरून काढलेला, चढ आणि बोगदे भरपूर. ८ डब्यांच्या गाडीला तिथे जुन्या पद्धतीचे ६ मोटर-डबे लागत होते. एवढ्या जोड्या आणायच्या कुठून? म्हणून २००२ पासून २०५-५००० ही उपमालिका काढली: शरीर तेच, खालची यंत्रणा काढून आयजीबीटी (नव्या पिढीचे इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारे इन्व्हर्टर आणि इंडक्शन मोटरी. चाकाची पकड सुधारली आणि ४ मोटर-डब्यांत काम भागलं. डबा जुना झालेला नव्हता याचा यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नाही.

पुढची उतरंड अशी. योकोहामा मार्गावरून २०५ गेली २०१४ मध्ये, नांबूच्या मुख्य मार्गावरून जानेवारी २०१६, साइक्योवरून त्याच वर्षी. तिन्ही ठिकाणी जागा घेतली ई२३३ ने. मुसाशिनोवरून ती ऑक्टोबर २०२० मध्ये गेली, आणि त्यामागे तिथे आलेली नवी गाडी नव्हतीच. यामानोतेवर २०१५ पासून ई२३५ आली, म्हणून तिथल्या ई२३१-५०० चुओ-सोबूवर सरकल्या, म्हणून तिथल्या जुन्या ई२३१ आणि २०९-५०० मुसाशिनोवर आल्या, म्हणून २०५ बाहेर. सागामी आणि निक्को २०२२ मध्ये, त्सुरुमी २०२४ मध्ये. तिथे ई१३१ आली. सेनसेकीसाठीही जेआर ईस्टने ई१३१-८०० जाहीर केली आहे. सेनसेकीच्या दोन गाड्या मात्र वयाने गेल्या नाहीत: ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्या सापडल्या, एक नोबिरूजवळ आणि एक इशिनोमाकीला.


गावदेवी_फाटक

अप्रतिम. उतरंडीचं चित्र काढतोच. जाकार्ताबद्दल थोडं सांगाल का? आणि आपल्या डीसी लोकलचं राहिलं.


कोपरी_पूल (ठाणे पू.) यांचं उत्तर

जाकार्ताचे आकडे: साइक्योचे १८०, योकोहामाचे १७६, नांबूचे १२० आणि मुसाशिनोचे ३३६, एकूण ८१२ डबे, २०१३ ते २०२० या काळात. हे जमलं कारण दोन्हीकडे तार १,५०० व्होल्ट डीसी आणि रुळांतलं अंतर १,०६७ मिलिमीटर. निइगाता बंदरातून जहाजाने जाकार्ताचं बंदर तांजुंग प्रिओक, तिथून डेपो. तिथे पोचल्यावर दारांखाली पायऱ्या लावल्या, कारण काही फलाट खाली होते, आणि चालकाच्या काचेवर दगडफेकीपासून बचावाची लोखंडी जाळी बसवली. योकोहामाच्या ८ डब्यांच्या २२ गाड्या जशाच्या तशा गेल्या. पुढे त्यांची मोडतोड करून १० आणि १२ डब्यांच्या गाड्याही केल्या. अडचण सुट्या भागांची: जपानमधलं उत्पादन थांबल्यावर कॉन्टॅक्टर आणि थायरिस्टरची पाटी मिळवायची तर एखादी गाडी बाजूला उभी करून तिच्यातून काढायची. २०२३ मध्ये इंडोनेशिया सरकारने वापरलेल्या गाड्यांची आणखी आयात नाकारली, आणि आता तिथे चीनच्या व स्वतःच्या इन्का कारखान्याच्या नव्या गाड्या येत आहेत. जपानमध्ये जी उतरंड २००२ ला सुरू झाली तिचं शेवटचं पाऊल जाकार्तात पडणार.

आता आपल्याकडचं. ‘याच कारणाने गेल्या’ असं कृपा करून लिहू नका. आपल्या डीसी रेक तारेमुळे गेल्या. त्यांच्यातही रोध, कॅमशाफ्ट, ब्रशच्या मोटरी सगळं होतं, त्यामुळे देखभालीचा त्रास तोच. पण निर्णय लागला तो व्होल्टेज बदलल्यावर. पश्चिम रेल्वेचं १,५०० व्होल्ट डीसीचं २५,००० व्होल्ट एसीमध्ये रूपांतर २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये आणि हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये. फक्त डीसीवर चालणाऱ्या गाडीला त्या दिवसानंतर तारच उरली नाही. डीसी आणि एसी दोन्हींवर चालणाऱ्या रेक तेवढ्या पुढे राहिल्या.

तार का बदलली हे साध्या भागाकाराने दाखवता येतं, आणि फलकावर मला हाच हिशोब बघायला आवडेल. २०५ च्या २४ मोटरी गुणिले १२० किलोवॉट म्हणजे २,८८० किलोवॉट. १,५०० व्होल्टला यासाठी १,९२० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टला, इतर तोटे सोडून, सुमारे ११५. प्रवाह मोठा म्हणजे तार जाड, सबस्टेशन काही किलोमीटरवर, आणि तारेत वाया जाणारी वीज जास्त. १२ डब्यांच्या गाड्या वाढवायच्या तर डीसीचं गणित बसेना. जपानने आपल्या शहरांत १,५०० व्होल्टच ठेवले, तिथे सबस्टेशनचं जाळं आधीच दाट होतं. म्हणून तिथे गाडी बदलली, तार नाही. आपल्याकडे तार बदलली म्हणून गाडी बदलावी लागली.

एसीचा एक फायदा वर ऐरोलीकरांनी सांगितलेल्या अडचणीवर थेट लागू पडतो. ब्रेक लावल्यावर परत जाणारी वीज घ्यायला शेजारी दुसरी लोकल नसली तरी ती ट्रान्सफॉर्मरमधून मागे ग्रिडकडे जाऊ शकते. रात्री उशिराच्या ठाणे-वाशी गाडीलाही वीज परत करता येते.

वयाचा मुद्दाही जपून मांडा. भारतीय रेल्वेत ईएमयू डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षं धरतात. ठराविक मुदतीने माटुंग्याला पीओएच (डबा पूर्ण उघडून दुरुस्ती) होते, आणि मुदत भरली की डबा बाद. २०५ ची २० वर्षं ही फक्त यामानोतेवरची. त्याच डब्याचं मुसाशिनो किंवा सेनसेकीवरचं आयुष्य धरलं तर बेरीज ३० च्या पुढे जाते. ‘फक्त २० वर्षांत मोडीत’ हे फलकावर गेलं तर गाडीवर अन्याय होईल.


नऊ_मिमी (घणसोली) यांचं उत्तर

डब्यांचा क्रम आणि टेबल माझ्याकडे.

आधी अक्षरं समजून घ्या. ‘कु’ म्हणजे केबिनचा डबा, ‘मो’ मोटरचा, ‘सा’ बिनमोटरचा मधला, ‘हा’ साधा वर्ग. आकड्यात शेकड्याच्या जागी २ म्हणजे डीसी, दहाच्या जागी ० म्हणजे शहरी लोकल. १९८५ ची १० डब्यांची गाडी अशी: कुहा २०५, मोहा २०५, मोहा २०४, साहा २०५, मोहा २०५, मोहा २०४, साहा २०५, मोहा २०५, मोहा २०४, कुहा २०४. मोहा २०५ आणि मोहा २०४ ही जोडी कधीही फोडायची नाही. पेंटोग्राफ फक्त मोहा २०५ वर, आणि यामानोतेच्या काळात तो चौकोनी हिऱ्याच्या आकाराचा. एका बाहूचा पेंटोग्राफ लावलेलं हिरव्या पट्ट्याचं मॉडेल जाणकार लगेच पकडतात.

१९९१ च्या अखेरीस ११ वा डबा आला, साहा २०४. त्याला एका बाजूला ६ दारं. तो कुहा २०४ कडून मोजलं तर १० व्या क्रमांकावर, म्हणजे टोकाच्या कुहा २०५ ला लागून. सकाळी १० पर्यंत त्यातली आसनं भिंतीला दुमडून कुलूपबंद असायची, सगळे उभे. आपल्या प्रेक्षकांना हा डबा सगळ्यांत जास्त आवडेल. असे ६ दारांचे डबे पुढे फलाटावरच्या स्वयंचलित दारांमुळे गेले, कारण ४ दारांच्या मापाने लावलेल्या फलाटाला ६ दारं जुळत नाहीत. यामानोतेवरच्या ई२३१-५०० मधलेही २०११ पर्यंत काढून टाकले.

खिडकीकडेही लक्ष द्या. पहिल्या ४ गाड्यांना, म्हणजे ४० डब्यांना, वर-खाली सरकणारी दोन भागांची खिडकी होती. नंतरच्यांना एकच मोठी, खाली उतरणारी. दोन्ही प्रकारचे डबे एकाच गाडीत मिसळू नका.

आता टेबल. २० मीटरचा डबा १:१५० ला १३३ मिलिमीटर होतो, ११ डब्यांची गाडी जोडांसकट दीड मीटर. ६ फूट म्हणजे १,८३० मिलिमीटर. दोन्ही टोकांना २८२ मिलिमीटर त्रिज्येची वळणं घेतली की सरळ रूळ उरतो साधारण १,२६० मिलिमीटर. पूर्ण गाडी कायम दोन्ही वळणांवर लोंबकळलेली दिसेल. त्यापेक्षा ६ डबे लावा: कुहा २०५, साहा २०४, मोहा २०५, मोहा २०४, साहा २०५, कुहा २०४. लांबी ८०० मिलिमीटरच्या आसपास, सरळ रुळावर अख्खी मावते, जोडी शाबूत राहते आणि ६ दारांचा डबाही दाखवता येतो. ३ फूट रुंदीत ३५० च्या वरची त्रिज्या सहज बसते. जितकी घेता येईल तितकी मोठी घ्या, लांब डब्यांची टोकं कमी बाहेर येतात. मात्र त्रिज्या वाढेल तेवढा सरळ रूळ कमी होतो हे धरून आखा: ३८० घेतली तरी १,०७० उरतो, ६ डब्यांना पुरे.

एक गोष्ट फलकावर प्रामाणिकपणे लिहा: मॉडेलच्या रुळांतलं ९ मिलिमीटरचं अंतर १:१५० ला १,३५० मिलिमीटर होतं, खरं १,०६७ आहे. मॉडेलचा रूळ रुंद दिसतो तो त्यामुळे.

चालवताना बिघडतं काय? ठाण्याच्या दमट हवेत रुळावर एका रात्रीत थर बसतो आणि गाडी अडखळते, दिवे लुकलुकतात. पॉलिश-पेपर अजिबात मारू नका. त्याचे ओरखडे पुढचा मळ धरून ठेवतात. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दर सकाळी दोन्ही रूळ पुसा, मग चाकं: रुळावर अल्कोहोलचा कागद आडवा ठेवून मोटर-डब्याची एक बोगी त्यावर, दुसरी रुळावर, आणि हलका करंट. चाकं जागच्या जागी फिरून स्वतःच साफ होतात. रबरी टायर लावलेल्या चाकावर अल्कोहोल जास्त वेळ राहू देऊ नका, रबर कडक होतं आणि चढावर घसरतं. रूळ जोडणाऱ्या पितळी सांध्यांपैकी एक जरी सैल असला तरी पलीकडच्या टोकाला गाडी मंदावते. वीज एकाच जागी न देता अंडाकृतीच्या समोरासमोरच्या दोन जागी द्या. देताना डावा-उजवा रूळ उलटा जोडला जात नाही ना ते बघा, नाहीतर थेट शॉर्ट.

महिनोन्महिने पेटीत असलेली गाडी थेट प्रदर्शनात नेऊ नका. आदल्या दिवशी फक्त मोटर-डबा निम्म्या वेगाने १० मिनिटं पुढे, १० मिनिटं मागे फिरवा. आतलं वंगण सैल होतं. मॉडेलच्या मोटरीतही ब्रश आणि कॉम्युटेटर आहेत. सानपाडावाल्यांनी सांगितलेली काळी भुकटी तिथेही साठते. सलग ८ तास चालवलीत तर संध्याकाळी मोटर गरम होऊन वास येतो. दर ४० मिनिटांनी १० मिनिटं थांबवा.


गावदेवी_फाटक

फलकाचा मजकूर बदलला. ‘२० वर्षांत मोडीत’ काढलं, डीसी लोकलची ओळ ‘तिथे गाडी बदलली, इथे तार बदलली’ अशी केली, भागाकार जसाच्या तसा घेतला. ६ डब्यांचा क्रम पक्का. एक शंका उरली: मोहा २०५ चे रोध डब्याखाली कुठल्या बाजूला दाखवायचे? माझ्या मॉडेलच्या तळाला दोन्हीकडे वेगवेगळ्या पेट्या आहेत.


सानपाडा_यार्ड

मॉडेलचा तळ खऱ्या डब्यावरूनच घेतलेला असतो, तो उलटा बसलेला नाही ना एवढंच बघा. मोटर-डब्याचं शरीर तळावरून काढलंत तर परत बसवताना दिशा चुकण्याचा संभव असतो, बहुतेक तळ दोन्हीकडून बसतात. काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि तळाला एका टोकाला पेन्सिलने खूण करा. रोध ओळखायला सोपे: गुळगुळीत झाकणाच्या पेट्या दिसतात त्या नियंत्रकाच्या, आणि हवा खेळायला जाळी किंवा फटी असलेली लांबट चौकट दिसते ती रोधांची. त्या फटींवर पातळ काळ्या रंगाचा एक हात देऊन वरून कापडाने पुसून घ्या, रंग फटींतच राहतो आणि जाळी उठून दिसते.